संगीताची पायरसी: बुडालेले पैसे नेमके कोणाचे?

मध्यलय

पायरसीमुळे संगीत उद्योगाचे अमुक हजार कोटी बुडाले, अशी बातमी दरवर्षी कुठे ना कुठे छापून येते आणि त्या आकड्याची उलटतपासणी क्वचितच होते. या धाग्यात ती करावी, असा विचार आहे. पायरसी योग्य की अयोग्य हा प्रश्न मी मांडत नाही, कारण त्याचे उत्तर कायद्याने दिलेले आहे. नुकसान किती झाले, ते कोणाच्या खिशातून गेले आणि ते थांबवण्यासाठी केलेल्या उपायांपैकी कशाचा उपयोग झाला, एवढ्यापुरतीच चर्चा राहावी.

आकडे फुगतात ते एका गृहीतकामुळे. डुप्लिकेट कॅसेट घेणाऱ्या प्रत्येकाने, ती मिळाली नसती तर, पूर्ण किंमत मोजून ओरिजिनल घेतली असती असे धरले की गुणाकार सोपा होतो. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासाने ध्वनिमुद्रणांच्या पायरसीमुळे तिथल्या अर्थव्यवस्थेचे वर्षाला १,२५० कोटी डॉलरचे नुकसान होते आणि ७१,०६० रोजगार बुडतात असे मांडले. या ७१,०६० मधल्या शेवटच्या साठाचे मला नेहमी कौतुक वाटते. पुढे २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्याच लेखापरीक्षण यंत्रणेने पायरसीविषयीचे सर्वत्र उद्धृत होणारे काही सरकारी अंदाज तपासले, तेव्हा ते कोणत्या विदेवर (डेटावर) उभे आहेत हे सापडले नाही, आणि एकूण परिणाम मोजणे अवघड आहे असा निष्कर्ष तिने नोंदवला.

अर्थशास्त्रज्ञांतही एकमत नाही. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ यांनी २००७ साली असे मांडले की, फाइली उतरवून घेण्याचा अल्बमच्या विक्रीवरील परिणाम सांख्यिकीय दृष्ट्या शून्यापासून वेगळा काढता येत नाही. त्यांच्या पद्धतीवर लीबोविट्झ यांनी कडक टीका केली. रॉब आणि वॉल्डफोगेल यांना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत असे दिसले, की फुकट उतरवलेल्या दर पाच अल्बमांमागे साधारण एका अल्बमची खरेदी कमी होते. मला हा मधला अंदाज पटतो, कारण आपल्याकडच्या अनुभवाशी तो जुळतो: नुकसान खरे आहे, मात्र फुकट घेणाऱ्यांतला बहुतांश वर्ग गिऱ्हाईक नव्हताच.

आपल्याकडे गिऱ्हाईक का नव्हता, यालाही इतिहास आहे. सत्तरच्या दशकापर्यंत ग्रामोफोन कंपनीची, म्हणजे एचएमव्हीची, इथल्या बाजारावर जवळजवळ मक्तेदारी होती. आखातातून येणाऱ्या टू-इन-वनमुळे, म्हणजे रेडिओ-कॅसेट प्लेअरमुळे, घरोघरी कॅसेट वाजवण्याची सोय झाली, पण अधिकृत कॅसेट महाग होत्या आणि मागणीच्या मानाने फार कमी निघत. ती पोकळी डुप्लिकेटवाल्यांनी भरून काढली. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट काढणाऱ्या नव्या देशी कंपन्या उभ्या राहिल्या, किमती खाली आल्या, आणि जुन्या गाण्यांच्या 'व्हर्जन' नव्या गायकांच्या आवाजात खपू लागल्या. म्हणजे पायरसीला पहिला मोठा शह बसला तो किमतीने. छाप्यांनी नंतर काय साधले, हे जाणकारांनी सांगावे.

कलम बावन्न

छाप्यांनी काहीच साधले नाही, असे सुचवायचे असेल तर मी सहमत नाही. तरीही कायद्याचा प्रवास पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते, की शिक्षा वाढवणे सोपे होते म्हणून ती वाढवत नेली गेली.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुळात एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद होती. कॅसेटच्या लाटेनंतर १९८४ मध्ये दुरुस्ती होऊन कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा ठरली. कॅसेटच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव, पत्ता आणि प्रकाशनाचे वर्ष छापण्याची सक्ती कलम ५२अ ने केली, ती याच दुरुस्तीत. कलम ६४ प्रमाणे फौजदाराच्या किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला वॉरंटाशिवाय माल जप्त करता येतो. कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे की नाही यावर उच्च न्यायालयांत वर्षानुवर्षे मतभेद होते, ते सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये, निट प्रो प्रकरणात, तो तसा आहे असे सांगून मिटवले.

महाराष्ट्राने तर याच्याही पुढे जाऊन २००९ मध्ये एमपीडीए कायद्यात, म्हणजे धोकादायक व्यक्तींना स्थानबद्ध करण्याच्या राज्याच्या कायद्यात, व्हिडिओ पायरेट हा प्रकार घातला. झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्या पंक्तीला सीडीवाला जाऊन बसला आणि त्यालाही एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येऊ लागले. खटला न चालवता माणसाला अडकवून ठेवण्याचे हे हत्यार पदपथावरच्या विक्रेत्यासाठी वापरावे का, याविषयी माझे मत प्रतिकूल आहे.

इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही कंपन्यांची संघटना आपली स्वतंत्र पायरसीविरोधी यंत्रणा चालवत असे, आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो यांनी काही काळ तिचे नेतृत्व केले होते. यंत्रणा खबर काढायची, पोलिसांना सोबत घ्यायची आणि माल जप्त करवायची. पण जप्तीनंतर खटला उभा राहतो तो मालकीच्या कागदांवर. गाणे कोणी लिहिले, कोणी कोणाला हक्क लिहून दिले, मूळ करार कुठे आहे, हे सिद्ध करावे लागते. मोठ्या कंपनीच्या कपाटात हे कागद असतात. कोल्हापूर किंवा अकोल्याच्या छोट्या कॅसेट कंपनीकडे बहुधा एक पावती असते, तीही कार्बन कॉपीची. त्यामुळे एकाच पदपथावर पडलेल्या छाप्यात हिंदी चित्रपटांचा माल तेवढा जप्त व्हायचा आणि मराठी लोकगीतांची सीडी विकणारा शेजारचा मनुष्य तसाच बसलेला असायचा.

ध्वनिमुद्रक

वरील शेवटचे वाक्य वाचून लिहिण्यास बसलो. दक्षिण महाराष्ट्रात माझा छोटा स्टुडिओ आहे आणि कॅसेटच्या शेवटच्या काळापासून मी लोकगीते, भक्तिगीते, भीमगीते ध्वनिमुद्रित करीत आलो आहे. धागाकर्त्यांनी विचारलेला 'पैसे कोणाचे' हा प्रश्न आमच्या बाजूने असा दिसतो.

छोट्या कंपनीच्या धंद्यात गायकाला, कवीला आणि संगीत करणाऱ्याला एकरकमी बिदागी मिळे, रॉयल्टी हा शब्द कोणी उच्चारतही नसे. माल वितरकाकडे उधारीवर जाई आणि न खपलेला परत येई. विक्रीचे दिवस मोजके असत: चैत्रात जोतिबाची यात्रा, १४ एप्रिल, आषाढीची वारी, गणपती-नवरात्र आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरचे स्टॉल. एवढ्या दिवसांत जे विकले जाई त्यावर पुढच्या वर्षीचे ध्वनिमुद्रण अवलंबून असे. डुप्लिकेट बाजारात यायला वर्ष लागले असते तर कोणाला फारशी झळ बसली नसती, पण ती यात्रेच्या आधीच येई, आणि तेवढ्याने पूर्ण हंगाम जाई. मोठ्या कंपनीला पायरसीने नफ्यात घट होते. छोट्या कंपनीचे मात्र पुढच्या वर्षीचे भांडवलच जाते, म्हणून नवे ध्वनिमुद्रण होत नाही, आणि हे न झालेले ध्वनिमुद्रण कोणत्याही अहवालात नुकसान म्हणून दाखवले जात नाही.

सीडीनंतर मेमरी कार्ड आले तेव्हा तर यात्रेचीही गरज उरली नाही. तालुक्याच्या बसस्थानकासमोरच्या मोबाइलच्या दुकानात एक संगणक असे आणि त्यात 'हलगी डीजे', 'भीमगीते नॉनस्टॉप', 'जुन्या लावण्या', 'सॅड साँग' अशा नावांचे फोल्डर. गिऱ्हाईक कार्ड काढून देई, पोरगा ते रीडरमध्ये घालून विचारी, 'काय काय भरू?', आणि वीस-तीस रुपयांत चार जीबीचे कार्ड काठोकाठ भरून मिळे. स्वतःच्या स्टुडिओत केलेले गाणे मी अशा दुकानात पाहिले आहे. फाइलच्या नावात गायकाऐवजी ते जिथून उतरवले त्या संकेतस्थळाचे नाव होते आणि अल्बमच्या जागी दुकानाचा मोबाइल क्रमांक.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. याच कार्डांमुळे काही गायकांची गाणी ज्या गावांत कॅसेट कधीच पोहोचली नसती तिथे पोहोचली आणि त्यांच्या कार्यक्रमांच्या सुपाऱ्या वाढल्या. ज्याचा आवाज लोक ओळखतात त्याला फाइलवर नाव नसले तरी चालते. कवीला आणि चाल बांधणाऱ्याला सुपारी येत नाही. त्यांची एकमेव कमाई म्हणजे ती बिदागी, आणि कंपनीच बसल्यावर तीही थांबली. तेव्हा माझ्यापुरते उत्तर असे, की पायरसीने संगीतातला पैसा मंचाकडे वळवला आणि मंचावर न जाणारे लोक कोरडे राहिले.

फ्रेमाँटकर

अमेरिकेतील अनुभव थोडक्यात नोंदवतो. नॅप्स्टर, म्हणजे श्रोत्यांनी गाण्यांच्या फाइली एकमेकांना फुकट देण्याची सेवा, जून १९९९ मध्ये सुरू झाले आणि न्यायालयीन आदेशांमुळे जुलै २००१ मध्ये बंद पडले, पण त्याची जागा घेणारे दुसरे कोणी ना कोणी येतच राहिले. मग २००३ पासून इथल्या कंपन्यांच्या संघटनेने सामान्य श्रोत्यांवरच दावे लावले. पाच वर्षांत ती संख्या सुमारे ३५,००० झाली. मिनेसोटातील एका महिलेला २४ गाण्यांसाठी २,२२,००० डॉलरची भरपाई द्यावी लागेल असा निकाल अपिलात कायम झाला. या दाव्यांनी पायरसी घटल्याचे दिसले नाही, उद्योगाची बदनामी तेवढी झाली आणि संघटनेनेच २००८ मध्ये हे धोरण सोडले.

फरक पडला तो आधी एप्रिल २००३ मध्ये अ‍ॅपलने ९९ सेंटला एक गाणे विकायला काढले तेव्हा, आणि नंतर वर्गणीवर हवे ते ऐकण्याच्या सेवांमुळे. जगभरच्या ध्वनिमुद्रित संगीताचे उत्पन्न १९९९ नंतर जवळजवळ पंधरा वर्षे घसरत होते. ते २०१४ च्या सुमारास तळाला गेले आणि २०२३ मध्ये २,८६० कोटी डॉलरपर्यंत वर आले. महागाई धरली तर हा आकडा जुन्या शिखराला अजूनही पोहोचलेला नाही, हे उद्योगाच्या आनंदी आलेखांत सहसा दाखवत नाहीत.

इथल्या मराठी मंडळींविषयी एवढेच, की नव्वदच्या दशकात भारतीय किराणा दुकानांत मिळणाऱ्या कॅसेट बहुतेक नकली असत आणि अस्सल मराठी कॅसेट भारतातून येणाऱ्याच्या बॅगेतूनच येत. विकत घ्यायची तयारी होती, पण विकणारा कोणी नव्हता.

मध्यलय

ध्वनिमुद्रक यांच्या प्रतिसादाने धाग्याला खरा आकार दिला. फ्रेमाँटकरांच्या मांडणीला भारतातला उत्तरार्ध जोडतो.

आपल्याकडे मधल्या काळात उद्योगाला तारले ते कॉलर ट्यूनने. दरमहा तीस रुपये मोबाइलच्या बिलातून कापले जात आणि त्याची नक्कल करण्याची सोय कोणाला नव्हती. पुढे ग्राहकांच्या संमतीशिवाय सेवा गळ्यात मारण्याच्या तक्रारी वाढल्या, म्हणून ट्राय या दूरसंचार नियामकाने २०११ ते २०१३ च्या दरम्यान दुहेरी संमतीचे नियम केले आणि ते उत्पन्न कोसळले. ग्राहकाच्या नकळत कापलेल्या पैशांवर उद्योगाचा केवढा भार होता, हे त्या निमित्ताने उघड झाले.

सप्टेंबर २०१६ नंतर डेटा जवळजवळ फुकट झाला आणि संकेतस्थळावरून गाणे उतरवून कार्डात भरण्याचे कारणच अनेकांना उरले नाही. तरीही उद्योग संघटनेच्या २०१९ च्या पाहणीत भारतातील पायरसीचे प्रमाण ६७ टक्के आढळले, तेव्हा जागतिक सरासरी २७ टक्के होती. यातला मोठा भाग स्ट्रीम-रिपिंगचा आहे, म्हणजे व्हिडिओचा दुवा एखाद्या संकेतस्थळावर चिकटवून त्यातला आवाज एमपीथ्री म्हणून काढून घेणे. ही पाहणी हितसंबंधी संघटनेची आहे आणि ती इंटरनेटवर असणाऱ्यांपुरती आहे, हे लक्षात ठेवून तो आकडा वापरावा.

पायरसी कमी झाली म्हणून पैसा आला, असे मात्र झालेले नाही. देशात पैसे भरून गाणी ऐकणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या आसपास आहे आणि बाकीचे कोट्यवधी श्रोते जाहिरातींसह फुकट ऐकतात. त्या जाहिरातींचे उत्पन्न एकत्र करून ऐकल्या गेलेल्या वेळांच्या प्रमाणात वाटले जाते. त्यामुळे ज्याच्याकडे हजारो गाण्यांचा साठा आहे त्याचे भागते, आणि ज्याच्याकडे चाळीस भक्तिगीते आहेत त्याच्या हाती चहापाण्याचे पैसे येतात. पूर्वी डुप्लिकेटवाल्यामुळे जे मिळत नव्हते, ते आता कायदेशीर मार्गाने मिळत नाही.

तबकडी

एका उपायाचा उल्लेख राहिला, तो सारेगामाच्या कारवाँचा. २०१७ मध्ये आलेले हे रेडिओसारखे यंत्र म्हणजे पाच हजार गाणी आधीच भरलेले मेमरी कार्डच होते. त्याला चांगला ध्वनिवर्धक, मोठी बटणे आणि हमी जोडली, आणि सहा हजारांच्या आतबाहेर किंमत असूनही ते भेट देण्यासाठी धडाक्याने खपले. पुढे मराठी गाण्यांचेही आले. मोबाइलच्या दुकानात कार्ड भरून घेणारा ज्येष्ठ श्रोता पैसे द्यायला तयार होता, फक्त त्याला शोधाशोध नको होती.

मी जुन्या ७८ आरपीएम तबकड्या जमवतो, आणि आमच्यासारख्यांनाही कधीकधी पायरेट म्हटले जाते, म्हणून कायद्याची एक बाजू मांडतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो, म्हणजे १९६४ पर्यंत प्रकाशित झालेली मुद्रणे २०२५ पासून त्या हक्कातून मुक्त आहेत. परंतु गीत आणि चाल यांचे हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतात. गदिमा १९७७ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे; सुधीर फडके २००२ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या चालींवरचा २०६२ अखेरपर्यंत. म्हणजे पन्नासच्या दशकातली तबकडी मुक्त झाली तरी तिच्यातले गाणे मुक्त नसते.

कंपनीने जे पुन्हा काढलेच नाही, आणि ज्याच्या मूळ प्रती तिच्याकडेही उरल्या आहेत की नाही याची शंका आहे, ते संग्राहकाने स्वच्छ करून ऐकवले तर कोणाचे किती पैसे बुडाले? माझ्या मते काहीच नाही. तरी कायदा त्याला आणि स्ट्रीम-रिपरला एकाच मापाने मोजतो.

मांडवीकाठ

गोव्यातली परिस्थिती थोडी निराळी आहे. तियात्र या कोकणी नाट्यप्रकारातले कलाकार आपल्या कांतारांच्या, म्हणजे गाण्यांच्या, कॅसेट आणि नंतर सीडी स्वतःच्या खर्चाने काढत आणि प्रयोगाच्या ठिकाणी स्वतःच विकत. मधे कंपनी नसल्यामुळे डुप्लिकेट निघाली की थेट कलाकाराला फटका बसे, आणि ती करणारा बहुधा ओळखीच्याच वाड्यातला असे. सीडी बंद पडल्यावर त्यांचे ते उत्पन्न गेले आणि सर्व भार तिकिटावर आला.

सध्या इथे वाद पेटतो तो सार्वजनिक वादनाच्या परवान्यांवरून. लग्नात गाणी वाजवायला परवाना लागत नाही असे परिपत्रक गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढले. कंपन्यांच्या बाजूने त्याला आव्हान दिले गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते रद्द केले. कलम ५२ मधली धार्मिक समारंभांची सूट कायद्यात आहे तेवढीच राहील, परिपत्रकाने ती रुंदावता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलातली लाखोंची संगीत रजनी आणि घरच्या मांडवातला रोस (लग्नाआधीचा विधी) यांच्यात फरक करायला हवा, हे सर्वांना पटते, पण रेषा कोणी आखायची यावर घोडे अडते.

कलम बावन्न

संकेतस्थळे बंद करण्याविषयी लिहायचे राहिले होते. २०१२ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने उद्योग संघटनेच्या अर्जावर इंटरनेट पुरवठादारांना १०४ संगीत-संकेतस्थळे अडवण्यास सांगितले. बंद केलेले संकेतस्थळ एखादे अक्षर बदलून दुसऱ्या नावाने दुसऱ्या दिवशी उघडत असे, म्हणून एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने यूटीव्ही या चित्रपट कंपनीच्या दाव्यात 'डायनॅमिक' मनाईहुकुमाची पद्धत आणली. ज्या संकेतस्थळांचा मुख्य धंदाच चोरीचा आहे त्यांच्या नव्या प्रतिरूपांसाठी प्रत्येक वेळी नवा दावा लावावा लागत नाही. हे उपयोगी आहे, परंतु दिल्लीत वकील लावण्याची ऐपत असणाऱ्यालाच.

ध्वनिमुद्रक यांच्या कवी आणि चालकारांसाठी मला २०१२ ची कायदा-दुरुस्ती सर्वांत महत्त्वाची वाटते. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिचा आग्रह धरला होता. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या या तरतुदीनुसार गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा आपला समान वाटा वारस किंवा (रॉयल्टी गोळा करून वाटणारी) कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज कोणालाही लिहून देता येत नाही, दिला तरी तो करार त्यापुरता निरर्थक ठरतो. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणांनाही हे लागू आहे. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या सोसायटीची २०१७ मध्ये पुन्हा नोंदणी झाली आणि २०२२-२३ मध्ये तिचे उत्पन्न साडेपाचशे कोटींच्या वर गेले.

ध्वनिमुद्रक

माहितीबद्दल आभार. पण आमच्याकडच्या एका अडचणीवर उपाय सुचवावा. एका भजनी मंडळाने तुकोबांचा अभंग स्वतःच्या चालीत माझ्याकडे मुद्रित करून आपल्या यूट्यूब वाहिनीवर टाकला, आणि थोड्याच दिवसांत एका कंपनीचा स्वयंचलित दावा येऊन त्यावरचे जाहिरातींचे उत्पन्न तिकडे वळले. अभंग कोणाच्याही मालकीचा नाही, चाल मंडळाची, आवाज मंडळाचा. मंडळातले लोक शेतकरी आहेत आणि नोटीस इंग्रजीत आहे. पायरसी रोखण्यासाठी बसवलेली यंत्रणाच आता त्यांचे पैसे नेते आहे.

कलम बावन्न

त्या दाव्याला वाहिनीच्या खात्यातूनच हरकत घेता येते आणि ती तातडीने घ्यावी, कारण हरकत वेळेत घेतली तर वादाच्या काळातले उत्पन्न कोणालाही न देता राखून ठेवले जाते. हरकतीत तीन गोष्टी स्वतंत्रपणे लिहा: शब्द सतराव्या शतकातले असून हक्कमुक्त आहेत, चाल मंडळाने बांधलेली आहे, आणि मुद्रण अमुक तारखेला आपल्या स्टुडिओत झाले. मूळ मल्टिट्रॅक फाइली (प्रत्येक आवाज आणि वाद्य वेगळे असलेल्या) जपून ठेवा, नक्कल करणाऱ्याकडे त्या कधीच नसतात. चाल ज्याने बांधली त्याने आयपीआरएसचे सदस्यत्वही घ्यावे; त्यासाठी पॅन, बँक खात्याचा तपशील आणि प्रकाशित रचनेचा पुरावा लागतो. चाल मंडळातल्या दोघा-तिघांनी मिळून बांधली असेल, तर कोणाचा किती वाटा हे आधी कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्या. हरकतीचा इंग्रजी मसुदा मी करून देतो, नोटिशीचा मजकूर व्यक्तिगत संदेशातून पाठवावा.